समोरच्या बाजूचा थांबा

वैशालीच्या घरात नियमांना तोटा नव्हता. सकाळी तथागतांसमोर मेणबत्ती-उदबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हटल्याशिवाय चहाच्या भांड्याला हात लावायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम. पौर्णिमेला पांढरी साडी आणि खीर, हाही तिचाच. बाकीचे नियम नवऱ्याचे, आणि ते सगळे रस्त्याचे.

धम्मदीप भंडाऱ्याकडचा, पाण्याच्या पंपांचा इंजिनिअर. मस्कतच्या अल् खुवैरमध्ये त्यांचं बिऱ्हाड. पहिली काही वर्षं चारचौघांसारखी त्यांच्याकडेही गाडी होती. मग कंपनीनं त्याला वर्षभरासाठी व्हिएन्नाला ट्रेनिंगला पाठवलं, बायको-मुलीसकट. तिथं या माणसाला जे वेड लागलं ते लागलंच. ट्राममधून उतरायचं, भुयारी रेल्वेत शिरायचं, वर येऊन सायकल घ्यायची. एका पासावर सगळं शहर पालथं. रविवारी तिघं तीन सायकलींवर कालव्याच्या काठानं दूरदूर जायची. पुलगावला कॉलेजात सायकलनं जाणारी वैशालीही तेव्हा मागं राहिली नव्हती. परत आल्यावर धम्मदीपनं गाडी काही घेतली नाही. नेमक्या त्याच सुमाराला मस्कतमध्ये नव्या लाल बसगाड्या सुरू झाल्या, आणि साहेब घरून सायकलनं हमरस्त्यावरच्या पादचारी पुलापर्यंत, पुलाशी सायकल लावून बसनं ऑफिसला, असे जाऊ लागले.

ज्या शहरात समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलाही लोक गाडी काढतात, तिथं याचा बोभाटा व्हायला किती वेळ लागणार? "काय वैशालीताई, इंजिनिअरसाहेबांना पेट्रोलची अॅलर्जी आहे का?" असं हळदीकुंकवाला कुणी ना कुणी विचारायचंच. वैशाली हसून घ्यायची, पण घरी आल्यावर नवऱ्याला सुनवायची, "तुमच्यापायी मला दुसऱ्यांच्या गाड्यांत मागं बसून फिरावं लागते. आणि सायकलवर मी इथं बसणार नाही बाप्पा. लोकं काय म्हणतील?"

तर नियमांबद्दल. व्हिएन्नात एकदा ट्रामचं दार बंद झालं आणि चिमुकली पूर्वा आत, आईबाप बाहेर, असं झालं होतं. पोर पुढच्याच स्टॉपवर एका आजीबाईजवळ रडत उभी सापडली, पण वैशालीचा जीव तेवढ्यात अर्धा झाला. त्या रात्री धम्मदीपनं घरात कायदा केला: चुकामूक झाली तर शोधत हिंडायचं नाही. रस्ता ओलांडायचा नाही. ज्या बाजूला उभे आहोत त्याच बाजूची पुढची गाडी धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथंच थांबायचं. "मधले थांबे पन्नास असतात," तो म्हणायचा, "शेवटचा एकच असतो." पूर्वाकडून त्यानं हे पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. वैशाली म्हणायची, "पुरे झालं तुमचं. पोरीला काय पोस्टमन बनवायचं आहे?"

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी पूर्वाची रुवीला चित्रकलेची आंतरशालेय स्पर्धा होती. सकाळी शाळेच्या गाडीनं सगळी मुलं गेली. परतीला ज्यानं त्यानं आपलं मूल न्यायचं होतं. धम्मदीप दुपारी बसनं जाऊन तिला आणणार होता. पण सकाळीच खाबुऱ्याच्या साइटवर पंप बंद पडला, अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, फोन आला, यल्ला यल्ला करत कंपनीचा पिकअप दारात उभा राहिला आणि धम्मदीप त्यात बसून दीडशे-दोनशे किलोमीटर लांब निघून गेला. सायकल खाली पार्किंगमध्येच राहिली.

दुपारी त्याचा फोन आला. आवाजामागं कसलीतरी घरघर.

"वैशाली, मला संध्याकाळ होईल. पूर्वाला एकटीला येऊ दे बसनं. माझ्यासोबत कितीदा आली आहे ती."

"एकटी? अकरा वर्षांची पोर?"

"तिला बस तुझ्यापेक्षा जास्त कळते."

"ते तर शेजारच्या मांजरीलाही कळत असेल. मी गिरिजाला विचारते."

गिरिजा खालच्या मजल्यावरची, कुडाळची. स्वतः गाडी चालवायची आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बायकांची वाहतूक करायची. पण नशीब बघा, त्याच दिवशी तिची गाडी गॅरेजात. "अगो, सर्व्हिसिंगाक दिलंय. सांजेक गावतली," ती म्हणाली. "मी जातंय मगे सिबाच्या गॅरेजाक गाडी आणूक. बसान येवंदे गो चेडवाक, कोण खाऊचो नाय तिका."

वैशालीचा नाइलाज झाला. तिनं पूर्वाच्या साध्या बटणांच्या मोबाइलवर फोन लावला. "बेटा, बस आली की सांग. ड्रायव्हरच्या मागंच बस. कुणाशी बोलू नको." बस आल्यावर पूर्वानं सांगितलं. बस निघाल्यावर वैशालीनं विचारलं, बसायला जागा मिळाली का? थोड्या वेळानं विचारलं, पाणी आहे का? मग विचारलं, आता कुठं आलीस? आईच्या काळजीला बॅटरी लागत नाही, पण मोबाइलला लागते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"मम्मा, स्टॉप कॉलिंग. बॅटरी लो आहे," पूर्वा म्हणाली. "मी फूटब्रिजच्या स्टॉपला उतरते. बाबांसोबत उतरते तिथे."

वैशालीच्या डोळ्यांपुढं तो पूल आला. पुलावरून इकडं उतरलं की गॅरेजांमागचा लांबलचक निर्मनुष्य रस्ता. या उन्हात, ऐन दुपारी, पोर एकटी तिथून चालत येणार? त्यापेक्षा मोठ्या मशिदीचा थांबा किती जवळ! त्यांची गल्ली मशिदीला लागूनच. इतक्या वर्षांत रुवीहून परत येताना निळा घुमट दिसला, की 'आलं घर' म्हणून तिनं पर्स सावरली होती.

"पुलाला नको. त्याच्या आधी मशिदीपाशी उतर. मी तिथंच उभी राहते. उतरलीस की समोर मीच दिसेन."

"पण मम्मा, मशिदीचा स्टॉप..."

"पूर्वा, ऐक म्हटलं नं!"

पोरीनं ऐकलं. आणि इथंच ते झालं.

गाडीत बसणाऱ्या माणसाला रस्त्याला दोन बाजू असतात हे कळतच नाही. घुमट दिसतो, घर आलं असं वाटतं, आणि मग गप्पांच्या नादात गाडी कधी पुढं गेली, कधी उड्डाणपुलावरून वळसा घेऊन परत फिरली आणि कधी गल्लीत शिरली, याचा मागच्या सीटवर पत्ताही लागत नाही. वैशालीनं हजार वेळा तो घुमट खिडकीतून पाहिला होता. पण तो डाव्या खिडकीतून दिसतो, आणि उतरायचं दार उजवीकडं असतं, हा हिशेब तिनं कधी केलाच नव्हता.

ती ओढणी डोक्यावर घेऊन, घराची किल्ली आणि मोबाइल एवढंच हातात धरून, मशिदीच्या भिंतीलगत थांब्याच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. ऊन असं की डांबरातून वाफ निघताना दिसावी. समोरून सुलतान काबूस रस्ता वाहत होता. वाहत होता हाच शब्द. इकडून तिकडं चार पदरी, तिकडून इकडं चार पदरी, मध्ये लोखंडी कठडा, आणि गाड्या अशा सुसाट की एकेक गेली की अंगावरची ओढणी ओढली जावी.

लाल बस आली. पण ती पलीकडच्या बाजूला आली.

वैशाली बघत राहिली. बस पलीकडं थांबली, दार पलीकडं उघडलं, बस निघून गेली, आणि पलीकडच्या थांब्यावर निळ्या स्कर्टमधली, पाठीला दप्तर आणि काखेत चित्रांची पिवळी नळी धरलेली पूर्वा एकटी उभी राहिली. तिच्या मागं सरकारी कचेऱ्यांच्या पांढऱ्या इमारती. कचेऱ्या कधीच सुटल्या होत्या, पार्किंग ओस. गुरुवार, म्हणजे इथला कामाचा आठवडा संपला होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"माय वं," वैशालीच्या तोंडून निघालं.

तिनं फोन लावला. एकदा वाजला, पूर्वानं कानाला लावलेला दिसला, "मम्मा, यू आर ऑन द अदर..." एवढंच ऐकू आलं आणि बंद. पुन्हा लावला. बंद. पूर्वानं फोन कानापासून काढून पाहिला, हलवला, पुन्हा पाहिला. बॅटरी खलास. ती कुणी खाल्ली होती, हे वैशालीला त्या क्षणी लख्ख कळलं.

पूर्वानं हात हलवला. वैशालीनंही सवयीनं हात वर केला आणि जोरजोरात हलवला, 'थांब, थांब' म्हणून. तशी पोर दोन पावलं पुढं आली. रस्त्याच्या कडेच्या कमरेएवढ्या पत्र्याच्या कठड्यापाशी.

"नको! नको! मागं हो!" वैशाली ओरडली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती आणखी जोरात हात हलवू लागली, तशी पूर्वानं नळी कठड्याला टेकवली आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवले. या रस्त्यावर पायी ओलांडणाऱ्या माणसांचं काय होतं ते सगळ्या मस्कतला माहीत होतं. मागच्याच महिन्यात त्यांच्या वॉचमनच्या भावाला...

मग वैशालीच्या डोक्यात आलं, की आपला हात तिकडून कसा दिसत असेल? हलणारा हात. आई हात हलवते म्हणजे बोलावते. लहानपणापासून पोरीनं हेच पाहिलेलं.

तिनं हात खाली घेतले. पाठीमागं नेऊन एकात एक घट्ट धरले. पोर अजून कठड्यालाच. काय करावं? ओरडून उपयोग नाही, खुणा करायची सोय नाही. वैशाली मटकन खाली बसली. तापलेल्या फुटपाथवर, भर रस्त्याच्या कडेला, मांडी घालून. सकाळी वंदनेला बसते तशी. पाठ ताठ, हात मांडीवर. मनात रक्षणासाठी म्हणायच्या परित्राण पाठाचे शब्द सुरू झाले आणि अर्ध्यातच अडखळले, पण ती हलली नाही. बस, पोरी. माझ्याकडं बघ आणि बस.

पलीकडं पूर्वा जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं कठड्यावरचे हात काढले आणि थांब्याच्या खांबाशेजारी खाली बसली. मांडी घालून.

वैशालीचा श्वास मोकळा होतो न होतो तोच कर्कश ब्रेक लागले आणि तिच्या पुढ्यात एक भलामोठा पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. निळी भिंतच उभी राहावी तसा. दार उघडून पठाणी वेषातला एक दाढीवाला म्हातारा उडी मारून उतरला, हातात पाण्याची बाटली.

"क्या हुआ बहन? चक्कर आया? पानी पियो, पानी."

"हटाओ! गाडी हटाओ, मेरी बच्ची है उधर!"

"किधर बहन? कौन बच्ची?"

बिचारा भल्यासाठी थांबला होता. वैशाली धडपडत उठली, टँकरच्या मागच्या बाजूनं वळसा घालून पुढं आली आणि तिनं पलीकडं पाहिलं.

थांब्यावर कुणी नव्हतं.

खांब होता, ओस पार्किंग होतं. आणि कठड्यापाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, पिवळी नळी आडवी पडली होती. गाड्यांच्या वाऱ्यानं थोडी थोडी लोळत होती.

वैशालीनं रस्त्यावर पाहिलं. आधी पलीकडच्या चार पदरांवर, मग मधल्या कठड्यावर, मग अलीकडं. बघवत नव्हतं पण बघितलं. गाड्या तशाच धावत होत्या. एकही थांबली नव्हती, एकानंही ब्रेक मारला नव्हता. म्हणजे... म्हणजे पोर रस्त्यावर नाही. मग गेली कुठं? कुणी गाडी थांबवून...? उन्हात एकटी मुलगी बघून आता हा म्हातारा थांबला, तसं तिकडं कुणी थांबलं असेल तर? सगळेच काही पाण्याची बाटली घेऊन उतरत नाहीत.

म्हाताऱ्यानं, हुसैनमियाँ त्याचं नाव, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला. बैठो, मैं ले चलता हूँ।" मग रस्त्याकडं बघून त्यानं उघडं दार पुन्हा लोटलं. त्याचा टँकर रुवीच्या दिशेला तोंड करून उभा होता. या बाजूच्या सगळ्यांचीच तोंडं रुवीकडं होती. पलीकडं जायला कुठं लांब जाऊन वळून यावं लागणार, आणि वळून यायचं तरी कुठं?

या बाजूची सगळी रुवीकडं. त्या बाजूची सगळी...

वैशाली तिथंच उभी राहिली. ऊन, टँकरचं इंजिन, म्हाताऱ्याचं "बहन, बहन" सगळं लांब गेलं. टँकर आडवा होता तेवढ्या वेळात पलीकडं बस येऊन गेली असेल का? आली असेल तर ती पोर चढली असेल का? का चढेल? आई समोर बसलेली दिसत असताना? पण आई दिसतच नव्हती. टँकर आला होता. चुकामूक झाली होती.

ज्या बाजूला उभे आहोत त्याच बाजूची पुढची गाडी. शेवटचा थांबा.

त्या बाजूची पुढची गाडी मबेल्याला जाते. घरापासून लांब, विमानतळाच्याही पलीकडं, शहराच्या त्या टोकाला. पोर घराकडं यायचं सोडून उलट घरापासून दूर गेली असणार. आपणच तिला चुकीच्या बाजूला उतरवलं, म्हणून.

"भाईसाब, मैं जाती हूँ," म्हणत ती गल्लीत पळाली. पार्किंगमध्ये धम्मदीपची सायकल भिंतीला टेकून उभी होती. ओढणी कमरेला गच्च बांधली, सलवार सावरली, आणि मस्कतला परतल्यापासून ज्या सायकलला तिनं हात लावला नव्हता तिच्यावर टांग टाकली. गल्लीच्या तोंडाशी दोन ओमानी म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते, ते बघतच राहिले. लॉन्ड्रीवाला बाहेर आला. लोक काय म्हणतील, याचा विचार तिला आलाच नाही असं नाही. आला, आणि मागं राहिला.

गॅरेजांमागच्या त्याच निर्मनुष्य रस्त्यानं ती पुलाकडं निघाली. हँडल हाताला चटके देत होतं. घशाला कोरड पडली होती. मनात एकच घोळत होतं, की आपलं चुकलं असेल तर? पोर बसमध्ये नसेल तर आपण तिच्यापासून लांबलांब पळतो आहोत. ती पिवळी नळी तिथं एकटी पडली आहे, आणि आई सायकल मारत उलट दिशेला.

पुलाच्या जिन्याशी तिनं सायकल टेकवली, कुलूपबिलूप काही न लावता, आणि पायऱ्या चढली. पुलाच्या मध्यावर पोचली तेव्हा लाल बस मशिदीकडून येताना दिसली. क्षणभर तिचे पाय थांबले. खाली उतरून मागं चालत गेलं तर तो थांबा, ती नळी, तिथं कुणीतरी काहीतरी पाहिलं असेल. पुढं गेलं तर बस. दोन्ही जमणार नव्हतं. ती धावत उतरली आणि हात करत बसपुढं जवळजवळ आडवी झाली.

ड्रायव्हर तरुण ओमानी होता. तिच्याकडं पैसे नव्हते. ते सांगायला तोंड उघडलं तर तोंडातून "मेरी बेटी" एवढंच आलं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "यल्ला, बैठो, बैठो."

तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, तुझ्या पुढच्या बसमध्ये निळ्या स्कर्टची मुलगी आहे का, फोन करून विचारशील का? त्यानं एका थांब्यावर फोन लावूनही पाहिला. उचलला नाही. "गाडी चलाता है तो फोन नहीं लेता. रूल," तो म्हणाला. "मिलेगा. इन्शाल्ला."

इन्शाल्ला या शब्दाचा वैशालीला एरवी राग यायचा. गॅसवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे तो 'नाही' म्हणायला वापरत. आज तिनं तो मुठीत धरून ठेवला.

टॅक्सी केली असती तर कदाचित लवकर पोचली असती. पण टॅक्सी सरळ धावते. बस प्रत्येक थांब्याला थांबते आणि प्रत्येक थांबा दाखवते. पोर घाबरून मध्येच कुठं उतरली असेल तर बसमधूनच दिसेल. गुब्रा आलं. दोन मजूर, एक फिलिपिनो बाई. अझैबा आलं. कुणी नाही. वैशाली काचेला कपाळ लावून बसली होती. दर थांब्याला वाटे, आता निळा स्कर्ट दिसेल. आणि दर थांब्याला भीतीही वाटे, की आता निळा स्कर्ट दिसेल आणि तो कुणाच्या तरी गाडीत बसत असेल.

गिरिजाचा फोन आला. तिनं ऐकून घेतलं आणि तिकडून जवळजवळ किंचाळलीच. "अगो बाय माझे! तू खंय आसस? बसीत? पोलिसांका फोन कर आधी, आणि थंयच थांब. फिरू नको येड्यासारख्या!"

मग विमानतळाजवळ धम्मदीपचा. साइटवर रेंज नव्हती, आत्ता मिळाली.

"पोचली नं पूर्वा?"

वैशालीनं सांगितलं. सगळं. घुमट, बॅटरी, टँकर, नळी.

"वैशाली, तू परत जा." त्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता असा. "त्याच थांब्यावर जा. पोलिसांना बोलव. मी निघालो. पण तू तिथून हलायला नको होतं. ती परत आली तर?"

"तुमचाच नियम आहे. शोधत हिंडायचं नाही. शेवटचा थांबा."

"अगं नियम काय घेऊन बसलीस! तो घरात बोलायला होता. लहान पोर आहे ती, तिला एवढ्यात काय आठवणार?"

ज्यानं नियम केला त्याचाच त्यावर विश्वास नाही. मग ती कशाच्या भरवशावर मबेल्याला चालली होती? पलीकडच्या फुटपाथवर मांडी घालून बसलेली पूर्वा तिला दिसली. ताठ. आई जशी बसली तशीच.

"तिला आठवेल," ती म्हणाली. "मी चालले." आणि फोन ठेवला.

बुर्ज अल् सहवाचा मनोरा गेला. मवालेह गेलं. बस रिकामी होत होत शेवटी तीच एकटी उरली. मबेल्याच्या शेवटच्या थांब्यावर दार उघडलं तेव्हा ती पायरीवरूनच वाकून बघत होती.

बाक रिकामा होता.

थांब्याची सावली रिकामी होती. समोर कॅफेटेरिया, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, रिकाम्या. आणखी एक लाल बस कडेला उभी, दार बंद, काचांवर उन्हाची तिरीप, आत काही दिसत नव्हतं. तिचा ड्रायव्हर जागेवर नव्हता. म्हणजे धम्मदीपच बरोबर होता. म्हणजे ती नळी...

बंद बसचं इंजिन चालू आहे हे तिच्या लक्षात यायला क्षण गेला. ती धावली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

आतून काचेला एक तळवा चिकटला. मग एक नाक.

"मम्मा!"

दार उघडेना. कॅफेटेरियामागच्या नळावरून एक मध्यमवयीन ओमानी ओल्या हातांनी पळत आला. तो नमाजाला निघाला होता. "गर्मी बहोत," तो दार उघडत म्हणाला, जणू त्यालाच माफी मागायची होती. "छोटा बच्चा. एसी चालू, दरवाजा बंद. मम्मा आएगा बोला."

पूर्वा उतरली. हातात ताकाची अर्धी बाटली. वैशालीनं तिला असं धरलं की बाटली दोघींच्या मध्ये चेपून ताक दोघींच्या कपड्यांवर सांडलं. मग तिला लांब धरून हात बघितले, गुडघे बघितले, मनगटाला भंतेंनी बांधलेला पांढरा दोरा बघितला. मग पाठीत एक धपाटा घातला. मग पुन्हा जवळ घेतलं.

"मम्मा, तू किती वेळ लावलास! मला वाटलं तू क्रॉस केलंस."

"मी? मी काहून ओलांडीन?"

"तू बसलीस, म्हणून मी बसले. मग तो मोठा ट्रक आला आणि तू... तू दिसत नव्हतीस. मला वाटलं, आता मम्मा उठेल आणि माझ्याकडे पळत येईल. रोडमधून." तिचं मराठी अडखळलं, डोळे भरले. "बस आली, म्हणून मी पटकन चढले. मी तिथे नसले तर तुला क्रॉस करायला रीझनच नाही ना. मग माझी ट्यूब राहिली."

वैशालीनं तिला बाकावर बसवलं. तिनं ओढणीनं पोरीचं तोंड पुसलं, मग त्याच ओल्या ओढणीनं स्वतःचं.

"तू मला सांगत होतीस मघाशी," थोड्या वेळानं ती म्हणाली, "मशिदीचा स्टॉप... आणि मी ऐकलं नाही. काय सांगत होतीस?"

"की तो दुसऱ्या साइडला आहे. मम्मा, एव्हरीबडी नोज दॅट."

परतीच्या बसमध्ये तिनं धम्मदीपला फोन लावला. "सापडली. मबेल्यालाच होती." तिकडं बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग त्यानं घसा साफ केला.

"बघ. मी म्हणत होतो नं. शेवटचा थांबा."

"तुम्ही पोलीस म्हणत होता," वैशाली म्हणाली. "घरी या, मग बघते तुम्हाला."

पूर्वा तिच्या खांद्यावर झोपून गेली. वैशालीचे डोळे मात्र एकेक थांबा मोजत होते. आता बस रुवीकडं चालली होती, म्हणजे आपल्या बाजूनं. हे तिनं मनाशी पुन्हा पुन्हा तपासलं, घुमट कोणत्या खिडकीत येणार तेही ठरवून टाकलं. पूल दिसताच तिनं स्वतः उठून बटण दाबलं.

"मशिदीला नाही?" पूर्वा डोळे चोळत म्हणाली.

"नाही. सायकल पुलाशी आहे."

"कोणाची सायकल? बाबा तर..." पूर्वा जागीच झाली. "मम्मा! तू?"

सायकल होती तशीच जिन्याला टेकून उभी होती. दोघी आधी पूल ओलांडून पलीकडं गेल्या आणि कचेऱ्यांपुढच्या फुटपाथनं चालत मशिदीसमोरच्या थांब्यापर्यंत जाऊन आल्या. नळी कठड्याच्या खांबाला अडकून राहिली होती. टोपण उडून गेलं होतं, चित्राच्या कडेला टायरचा डाग लागला होता. पूर्वानं ती कुशीत घेतली.

परत येऊन वैशालीनं पोरीला कॅरिअरवर बसवलं. ऊन कलंडलं होतं. गॅरेजांपाशी माणसं दिसू लागली होती, आणि सगळी वळूनवळून बघत होती. मागून हॉर्न वाजला. गॅरेजातून सुटलेली गिरिजाची पांढरी गाडी शेजारी येऊन हळू झाली, काच खाली गेली.

"अगो वैशाली! गावलां चेडू? देवाक काळजी गो!" तिचे डोळे आधी पूर्वावर, मग सायकलवर, मग वैशालीच्या कमरेला बांधलेल्या ओढणीवर. "ह्या काय चल्लाहा? लोकां बघतत. ठेव ती सायकल थंय. गाडयेत बसा दोघांय, सोडतंय."

वैशालीनं पेडल मारणं थांबवलं नाही.

"सोडशील गं," ती म्हणाली. "पण कोणत्या बाजूला?"